पोळ्याचा पोट्टा, म्युनिकचा मेळा

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी एक करार केला. त्या राज्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि ड्रायव्हर कमी पडतात. आपल्याकडे हे सगळे आहेत, कमी पडते ते काम. तेव्हा पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण तिकडे पाठवावेत आणि निघण्याआधी त्यांना जर्मन शिकवावे, असे ठरले. बातमी यवतमाळच्या दत्त चौकात पोचली तेव्हा चहाच्या टपरीवर दोनच प्रश्न निघाले. पहिला, तिकडे थंडी किती पडते? दुसरा, तिकडे खायला काय भेटते? भाषेची काळजी कुणी केली नाही. जो माणूस वऱ्हाडी बोलून पुण्यात खोली भाड्याने मिळवतो, त्याला जर्मनची काय भीती?

शिकायला जाणारे त्याआधीपासूनच जात होते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा क्रमांक पहिला होता. हे सगळे जाण्यापूर्वी कुठल्या ना कुठल्या क्लासात जर्मन शिकतात. पुस्तकातला पहिला धडा ओळख करून देण्याचा. पुढे रेल्वे स्टेशनवर फलाट विचारायचा, डॉक्टरला पोटदुखी सांगायची, घरमालकाला गळक्या नळाबद्दल पत्र लिहायचे. एवढ्या तयारीनिशी पोट्टा उतरतो, आणि पहिल्याच सुटीच्या दिवशी वर्गातली मुले त्याला ओढत जत्रेत नेतात. पुस्तकात हा धडा नसतो. असलाच तर शेवटी असतो आणि परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिलेला असतो.

जर्मन माणूस वक्तशीर, अबोल आणि नियमाला धरून असतो, ही आपली समजूत. ती खरी आहे, पण जत्रेचे दिवस वगळून. आणि त्यांच्या वर्षातून जत्रेचे दिवस वगळले तर फारसे काही उरत नाही. ब्रेमेनचा फ्रायमार्क्ट १०३५ सालापासून चालू आहे. हाम्बुर्गची जत्रा वर्षातून तीनदा भरते. ड्रेस्डेनचा नाताळबाजार १४३४ चा. बाड ड्युर्कहाइम या गावच्या जत्रेचे नाव आहे सॉसेजबाजार, पण ती जगातली सर्वांत मोठी वाइनची जत्रा म्हणून मिरवते. नावावर जाऊन शाकाहारी माणूस परत फिरला, तर चूक जत्रेची नाही.

यवतमाळचा पोट्टा मात्र या बाबतीत तयारीचा असतो. वणीला रंगनाथ स्वामींची यात्रा आणि तिचा बैलबाजार, कळंबला चिंतामणीची यात्रा, दिग्रसला घंटीबाबांची, आर्णीला बाबा कंबलपोष यांचा उरूस, आणि खुद्द यवतमाळात असा दुर्गोत्सव की गावकरी त्याचे नाव कोलकात्याच्या खालोखाल घेतात, आणि खालोखाल म्हणताना किंचित नाराज असतात. गर्दीत चप्पल कशी सांभाळायची, आकाशपाळण्यात कोणत्या बाजूला बसायचे, हरवलेल्या मित्राला कोणत्या जिलेबीवाल्यापाशी शोधायचे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. तिकडे त्याला कमी पडते ते व्याकरण. जत्रा नाही.

व्याकरणाचे संकटही मानतो तेवढे मोठे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग सरकारनेच १९९९ पासून आपल्या राज्याची जाहिरात केली ती अशी, की आम्हाला सगळे येते, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. कुठल्याही सरकारने भाषेच्या बाबतीत इतके खरे बोलल्याचे उदाहरण विरळा. बिचाऱ्या विद्यार्थ्याने बी-वन परीक्षेसाठी शुद्ध जर्मन घोटलेले असते, आणि समोरचा जत्रेतला म्हातारा त्याच्याशी श्वाबी बोलीत बोलतो. पुण्याचा विद्यार्थी इथे खचतो. यवतमाळच्याला हे अनुभवाचे असते. शाळेत एक मराठी आणि घरी दुसरी, हा हिशेब तो पहिलीपासून सांभाळत आलेला असतो. तो म्हाताऱ्याला मान हलवून दाद देतो, आणि दोघांनाही एकमेकांचे काही कळले नाही तरी ओळख पक्की होते.

म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचे नाव यवतमाळातही माहीत असते, पण त्याची कथा नसते. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग याचे राजकन्या टेरेझेशी लग्न झाले. राजाने गावजेवण घातले आणि पाच दिवसांनी वेशीबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत लावली. लोकांना हे इतके आवडले की पुढच्या वर्षी पुन्हा झाले, मग पुन्हा झाले. माळाला नवरीचे नाव मिळाले आणि लग्नाची पंगत दोनशेहून अधिक वर्षे उठलेली नाही. मधे कॉलऱ्यामुळे १८५४ आणि १८७३ साली उठवावी लागली, महायुद्धांत उठली, कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये उठली. एरवी चालूच. २०२३ साली तिथे ७२ लाख लोक येऊन गेले, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला माणूस न् माणूस दोनदा जाऊन आला असता तरी एवढी गर्दी झाली नसती.

पोट्ट्याने हे फोनवर घरी सांगितले की पलीकडून विचारणा होते.

“लग्न कोणाचं व्हय म्हन्लं?”

“राजाच्या पोराचं, बाबा. दोनशे वर्षं झाली.”

“मंग आहेर कोन घेऊन राह्यलं?”

या प्रश्नाचे उत्तर आहे. आहेर म्युनिकच्या सहा ब्रुअरी घेतात. या मेळ्यात बिअर विकायची तर ती म्युनिक शहराच्या हद्दीत बनलेली हवी, आणि ती बनवतात फक्त सहा जुनी घराणी. बाकी जगाने यावे, प्यावे आणि जावे.

उद्घाटनाला नगराध्यक्ष लागतोच, हे पाहून यवतमाळकराला घरी आल्यासारखे वाटते. पहिल्या शनिवारी बरोबर बाराच्या ठोक्याला म्युनिकचे महापौर लाकडी हातोडीने पिंपाला तोटी ठोकतात. किती घावांत तोटी बसली हे सारे गाव मोजते. १९५० साली थॉमस विमर या महापौरांनी ही रीत सुरू केली, तेव्हा त्यांना डझनाहून जास्त घाव घालावे लागले. अलीकडचे महापौर दोन-तीन घावांत काम उरकतात. आपल्याकडे नारळ एका घावात फुटला नाही तर विरोधी पक्षाला आठवडाभराचे काम मिळते. तिथे घावांचा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो, म्हणजे फरक फारसा नाही.

मग येतो भाव. बिअर तिथे एक लिटरच्या काचेच्या मगात मिळते, अर्धा लिटर मागणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने पाहतात. २०२४ साली या मगाचा भाव १३.६० ते १५.३० युरो होता. सरासरी तेराशे रुपये धरा. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे एक क्विंटल कापूस विकला की पावणेसहा मग. तोही हमीभाव खरोखर मिळाला तर, आणि ओलाव्याच्या नावाने कट्टी लागली नाही तर. हा हिशेब यवतमाळचा पोट्टा तंबूत बसल्या बसल्या करतो आणि त्याचा पहिला मग अडीच तास पुरतो. शेजारचे लोक समजतात, परदेशी माणूस किती संयमी!

दारूचा विषय त्याच्यासाठी तसाही नाजूक असतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे होती, आणि यवतमाळातल्या बायांनी बंदीसाठी मोर्चे काढले ते निराळेच. अशा मुलखातून आलेल्याला भर दुपारी आजी, सून आणि नातवंडे एका बाकावर बसलेली आणि आजीपुढे लिटरभर बिअर पाहिली, की काही काळ बोलणे सुचत नाही. न पिणाऱ्याचीही सोय असते. अल्कोहोल नसलेली बिअर मिळते, लिंबूपाणी मिळते. भाव ऐकल्यावर तेही चढते.

“एका गिलासाचे तेराशे? मंग गिलास तरी घरी नेऊ देतेत का बे?”

नेऊ देत नाहीत. मग नेणे ही चोरी समजली जाते, आणि दारावरचे पहारेकरी पिशव्या तपासतात. एकेका वर्षी लाखाहून अधिक मग असे दारातच काढून घेतले गेले आहेत. ज्या देशात रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावरही माणूस लाल दिव्यापाशी थांबतो, त्या देशातली ही आकडेवारी आहे. यवतमाळला लग्नाच्या मांडवातून स्टीलचे पेले जातात तेव्हा आपण उगाच मान खाली घालतो.

सापडलेल्या वस्तूंचे कार्यालयही मेळ्यात असते. मोबाइल आणि पाकिटे तिथे जमा होतातच, शिवाय लग्नाच्या अंगठ्या, कवळ्या आणि कुबड्याही येतात. कुबड्या घेऊन आलेला माणूस त्या विसरून चालत घरी गेला, हा चमत्कार आपल्याकडे घडला असता तर त्या जागी देऊळ उभे राहिले असते.

भाषेच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा तंबूच्या आत. क्लासात ऐकण्याची परीक्षा होते तेव्हा बंद खोलीत एक बाई संथ आवाजात दोनदा वाचून दाखवते. इथे हजारो माणसे एका छताखाली, वर पितळी वाद्यांचा बँड, आणि हातात दहा-बारा मग घेतलेली वाढपीण त्याच्या कानाशी येऊन एकदाच विचारते. भरलेला एक मग सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे प्रश्न दोनदा विचारायला तिला सवड नसते. २०१७ साली आबेन्सबेर्गच्या जत्रेत ऑलिव्हर श्ट्र्युम्फेल या वाढप्याने एका वेळी २९ मग उचलून ४० मीटर नेले आणि विक्रम केला. अशा माणसाला विद्यार्थी ‘कृपया थोडे हळू बोलाल का’ हे पाठ केलेले वाक्य ऐकवू शकत नाही. तो ‘हो’ म्हणतो. मग जे येईल ते खातो.

आवाजाचा मात्र तिथे नियम आहे. २००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत तंबूत पितळी बँडच वाजवायचा, तोही ८५ डेसिबलच्या आत, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आणि पोराबाळांना त्रास नको. रात्री साडेदहाला बिअर आणि संगीत दोन्ही बंद. बाकावर चढून नाचायला हरकत नाही, टेबलावर चढले की बाहेर काढतात. आपल्याकडे डीजेच्या भिंतीसमोर वाढलेल्या कानाला ८५ डेसिबल म्हणजे कुजबुज. पोट्ट्याला वाटते, अजून साउंडवाला आलेला दिसत नाही.

खाण्याचे संकट कधी कधी पंचांगातून येते. २०२५ साली म्युनिकचा मेळा २० सप्टेंबरला सुरू झाला आणि २२ ला घटस्थापना होती. घरी आईने फोनवर नऊ दिवसांचे वचन घेतलेले. मेळ्यात एकीकडे कोंबडी भाजली जात आहे, दुसरीकडे सॉसेज. तेवढ्यात बटाट्याच्या कुरकुरीत थालीपिठासारखे काही तरी दिसते, सोबत सफरचंदाची चटणी. बटाटा चालतो, सफरचंद चालते. पण चौकशी केल्यावर कळते की त्यात अंडे आहे, कांदा आहे आणि मैदाही आहे. उपवास मोडण्याचे तिन्ही मार्ग एकाच ताटलीत. शेवटी उरतात तळलेले बटाट्याचे तुकडे. मीठ सैंधव आहे का, हा प्रश्न त्याला जर्मनमध्ये विचारता येत नाही आणि देवीही विचारत नाही.

म्युनिकचा मेळा लग्नातून निघाला. श्टुटगार्टची जत्रा निघाली नापिकीतून, आणि यवतमाळकराने थांबून ऐकावी अशी कथा हीच आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आभाळात पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जूनमध्ये थंडी, सतत पाऊस, उभे पीक सडले. व्युर्टेम्बर्गमध्ये दुष्काळ पडला, लोक गाव सोडून निघाले. त्याच साली पहिला विल्हेल्म गादीवर आला. त्याने आणि राणी काटारीनाने धान्याची सोय केली, आणि १८१८ साली दोन कामे केली. एक म्हणजे होहेनहाइम इथे शेतीशाळा काढली, जी आज विद्यापीठ आहे. दुसरे म्हणजे श्टुटगार्टलगतच्या कानश्टाट इथे शेतकऱ्यांची जत्रा भरवली. चांगल्या जनावरांना बक्षिसे दिली, घोडे पळवले, नवी अवजारे दाखवली. त्या जत्रेत धान्य, भाज्या आणि फळांनी मढवलेला एक उंच खांब उभारला. आजही दर वर्षी तो २६ मीटरचा खांब उभा राहतो. भोवती लाखो माणसे फिरतात आणि त्यातल्या बहुतेकांना खांबाचे कारण माहीत नसते.

यवतमाळ जिल्ह्याला नापिकीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि तिथल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. समित्या आल्या, अहवाल आले, अभ्यासक आले, अभ्यासकांचा अभ्यास करणारे आले. खांब तेवढा कुणी उभारला नाही. श्टुटगार्टच्या मैदानावर आपला पोट्टा मान वर करून त्या कणसांकडे आणि भोपळ्यांकडे बघत राहतो. मग खिशातून मोबाइल काढून फोटो घरी पाठवतो. उत्तर येते, “कापूस नाही लावला कुठी?”

कापूस तिथे पिकत नाही. पण बैलपोळ्याचा चुलतभाऊ मात्र भेटतो. दक्षिणेकडच्या आल्गॉय भागात गुरे उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात असतात. सप्टेंबरमध्ये ती खाली उतरतात, म्हणजे पोळा होऊन फार दिवस झालेले नसतात. गळ्यात मोठमोठ्या घंटा, आणि पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलापानांचा भलामोठा मुकुट. डोंगरावर त्या हंगामात कळपातले जनावर दगावले असेल, तर मुकुट घालत नाहीत. ही रीत ऐकल्यावर खांदशेकणी, झूल, बेगड आणि बाशिंग बघत वाढलेल्या मुलाला दुभाषा लागत नाही. फक्त दोन गोष्टी त्याला खटकतात. तोरणाखाली झडत्या म्हणणारे कुणी नाही, आणि गुरे दारी आल्यावर ती आणणाऱ्याला बोजारा कुणीच देत नाही. उलट बघणाऱ्यांनाच बिअर विकत घ्यावी लागते.

जत्रेतले खेळ तर थेट ओळखीचे. वणीला मौत का कुआँ बघितलेला माणूस म्युनिकला जातो, तर तिथेही उभ्या लाकडी भिंतीवर मोटरसायकल फिरते आहे, आणि नावही मृत्यूची भिंत असेच आहे. शेजारी खऱ्याखुऱ्या पिसवांची सर्कस. पलीकडच्या तंबूत १८६९ पासून चालत आलेला खेळ, ज्यात प्रेक्षकांतून एकाला बोलावून रंगमंचावर त्याचे मुंडके उडवतात आणि मग तो उठून आपल्या जागी जाऊन बसतो. धड नसलेली बाई दहा रुपयांत पाहून मोठा झालेला यवतमाळकर इथे एकटाच घाबरत नाही. तो तिकिटाचा दर विचारतो आणि मग घाबरतो.

पुढाऱ्यांवाचून जत्रा पुरी होत नाही, हेही तिथे पाळतात. आबेन्सबेर्गच्या त्याच जत्रेत सप्टेंबरच्या एका सोमवारी सगळे पक्ष आपापल्या बिअरच्या तंबूत सभा घेतात, सगळ्या एकाच वेळी. श्रोता मग हातात धरून या तंबूतून त्या तंबूत जातो. एका पक्षाची बिअर पिऊन दुसऱ्याला टाळ्या वाजवणे तिथे खपून जाते. ही सोय आपल्या मतदारांनी फार आधी लावून घेतली आहे.

वसंतात बव्हेरियातली गावे चौकात उंच मेस्तंभ उभा करतात, आणि शेजारच्या गावची पोरे तो उभा होण्याआधी रात्री पळवतात. पोलीस बोलवायचे नाहीत. खांब हद्दीत असेपर्यंत कुणी त्यावर हात ठेवला तर चोरांनी तो तिथेच सोडायचा. हद्दीबाहेर गेला तर बोलणी करून सोडवायचा, किंमत बिअर आणि जेवण. हिवाळा संपताना रॉटवाइल गावात एका सोमवारी सकाळी आठला लाकडी मुखवटे घातलेले लोक जुन्या वेशीतून उड्या मारत निघतात, आणि कित्येक गावांत सोंगे नगरपालिकेवर चाल करून महापौरांकडून किल्ल्या काढून घेतात. ठरलेल्या दिवशी त्या परत देतात. हे शेवटचे वाक्य ऐकून आपल्याकडचे लोक हसतात.

यवतमाळहून तिकडे निघणाऱ्यांना म्हणून एवढीच सूचना. क्लासात बसाल तेव्हा विशेषणांचे प्रत्यय पाठ करा, पण जत्रेचा धडा सोडू नका. म्युनिकला जायचे तर शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी दुपारी जा, तंबूत बाक मिळतो. टेबलावर चढू नका, मग उचलू नका. आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा खोलीवरच ठेवा. मेळ्यात तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत सोडत नाहीत, आणि आपल्याकडे एवढ्या लहान डब्यात कुणी चिवडा देत नाही.